हातात हुनर आहे, कागद नाही

खडवलीपासून थोड्याच अंतरावर, आमणे येथे, समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक आहे. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. रस्ता म्हटला की खडी आली, खडी म्हटली की दगडखाण आणि क्रशर आले. कल्याण-भिवंडी-शहापूर पट्ट्यात पोकलेन, डंपर, ड्रिल चालवणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यांतली मुलंही आहेत. मालकांची तक्रार नेहमीची: चांगला ऑपरेटर टिकत नाही. तो का टिकत नाही, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

मुलगा हेल्पर म्हणून लागतो, उस्तादाशेजारी बसून मशीन शिकतो. दोन-तीन वर्षांत हात बसतो. पण नेमणूकपत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही, पीएफ नाही. मग रोजामागे थोडे जास्त मिळाले की तो दुसरीकडे जातो आणि तिथे पुन्हा नवखा ठरतो. आखाती देशात जायचं तर अनुभवाचा दाखला मागतात. तो नसल्यामुळे आपला तयार ऑपरेटर तिथे पुन्हा हेल्पर होतो.

कायदा नव्हता असं नाही. सुरुंग लावून दगड काढणारी खाण कितीही लहान असो, 1952 च्या खाण कायद्यातून तिला सूट नव्हती. 18 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायचं नाही. नव्या माणसाला आधी प्रशिक्षण द्यायचं. कामावर घेताना आणि पुढे निदान दर 5 वर्षांनी वैद्यकीय तपासणी करायची. सुरुंगाला हात लावायचा तो दाखला असलेल्या ब्लास्टरनेच. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितेने तर नेमणूकपत्र देणंही मालकावर बंधनकारक केलं आहे.

आपल्यातही खाणवाले आणि डंपरमालक आहेत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचं दाम द्यावं, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण दाम म्हणजे फक्त संध्याकाळची रोकड नव्हे. त्याचं नाव नोंदवणं, त्याला नीट शिकवणं, धुळीत काम करणाऱ्याची छाती तपासून घेणं, हाही त्याचा हक्कच आहे. जिथे हे मिळतं, तिथून माणूस चार पैशांसाठी सहसा उठत नाही.

तरुणांनीही आपल्या बाजूने काही करावं. नेमणूकपत्र मागा. पगार बँकेत घ्या. पीएफचा नंबर स्वतःजवळ ठेवा. कुठे, किती महिने, कोणतं मशीन चालवलं, ते वहीत लिहून ठेवा. कामावर शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे, तिची चौकशी करा. एकट्याने मागायला भीती वाटत असेल, तर खाणीवरच्या चौघांनी मिळून मागा. त्या चौघांत वडार, आदिवासी, परप्रांतीय सोबतीही असू द्या. धूळ सगळ्यांच्याच छातीत जाते.