धारोष्ण दूध आणि न उतरणारा ताप

गेल्या उन्हाळ्यात खामगावजवळच्या एका खेड्यातून चौऱ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. दीड महिन्यापासून त्यांना सायंकाळी ताप चढे, रात्री घामाने अंथरूण भिजे आणि कंबर इतकी दुखे, की उठून बसणेही नकोसे होई. टायफॉइड समजून मी औषध दिले. ताप उतरला आणि पुन्हा आला. पुढच्या खेपेस त्यांच्या सूनबाई बोलता बोलता म्हणाल्या, "बाबांना शक्ती यावी म्हणून रोज पहाटे धारोष्ण दूध देतो. घरचीच म्हैस आहे, हिवाळ्यात गाभडली होती तीच." रक्ततपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. सहा आठवडे दोन औषधे घेतल्यावर गुरुजी बरे झाले. दुधाविषयीचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.

धारोष्ण दुधाची थोरवी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. परंतु धष्टपुष्ट दिसणाऱ्या जनावराच्या दुधातूनही ब्रुसेला किंवा क्षयाचे जंतू येऊ शकतात. कास आणि भांडी कितीही स्वच्छ धुतली, तरी जे जंतू दुधातच उतरतात त्यांना त्याने अटकाव होत नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो. तरुण माणूस ज्यातून सहज निभावतो, तेच दुखणे साठीपुढच्या व्यक्तीला, मधुमेह्याला किंवा गर्भवतीला जिवावर बेतू शकते.

यावरचा उपाय म्हणजे उष्णता. लुई पाश्चरने हा प्रयोग मुळात द्राक्षमद्यावर केला होता. दुधाची पाळी नंतर आली. जुन्या पद्धतीत दूध 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे ठेवतात. आज बहुतेक डेअऱ्यांत ते 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात. दोन्हींत रोगजंतू मरतात, पण दूध पूर्णपणे निर्जंतुक होत नाही. म्हणूनच पिशवी थंडाव्यातच ठेवावी लागते. खोक्यात मिळणारे, महिनोन्‌महिने टिकणारे दूध 135 अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरलेले असते. ते न उघडता बाहेर ठेवता येते. उघडले, की मात्र फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

तापविल्याने दुधातले सत्त्व जाते का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. कॅल्शियम आणि प्रथिने जवळजवळ तशीच राहतात. ब गटातील काही जीवनसत्त्वे थोडी घटतात. क जीवनसत्त्वही घटते, पण त्यासाठी दूध कोणी पीत नाही. कपभर दुधातून वृद्धाला साधारण सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, मग ते दूध पिशवीतले असो वा उकळलेले. कच्च्या दुधाने पोट फुगत नाही, असेही काही जण सांगतात. पण पोट फुगविणारी दुग्धशर्करा कच्च्या दुधातही तेवढीच असते.

आणखी एक घोटाळा पिशवीच्या रंगावरून होतो. टोन्ड, डबल टोन्ड, फुल क्रीम ही नावे स्निग्धांशाची आहेत, तापविण्याची नव्हेत. टोन्ड दुधात तो 3 टक्के, डबल टोन्डमध्ये 1.5, तर फुल क्रीममध्ये 6 टक्के असतो. हृदयविकार असलेल्यांनी हा आकडा पाहावा. रतीबाचे म्हशीचे दूध असेल, तर उकळून गार करावे आणि साय काढून घ्यावी.

पाश्चरीकृत पिशवी शेवटपर्यंत थंड राहिली असेल, तर दूध उकळण्याची गरज नसते. परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, वीज जाते आणि पिशव्या दुकानाबाहेरच्या क्रेटमध्ये पडून असतात. म्हणून मी घरी ते एकदा उकळावे असेच सांगतो. रतीबाच्या कच्च्या दुधाबाबत तर पर्यायच नाही. ढवळत राहावे, चांगली उकळी फुटू द्यावी, मंद आचेवर दोन-तीन मिनिटे ठेवावे आणि लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावे. दिवसभर पुन्हा पुन्हा आटवीत बसू नये. मात्र भेसळ किंवा औषधांचे अंश उकळण्याने जात नाहीत.

पूजेतल्या पंचामृताकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्यात कच्चे दूध घालतात आणि तीर्थ म्हणून पहिला चमचा घरातल्या वृद्धांच्याच हातावर पडतो. उकळून गार केलेले दूध वापरले, तर पूजेत काही उणे पडत नाही.

ताप दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, तर घरात कोणते दूध येते आणि गोठा आहे का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा. गोठा असेल, तर चार ते आठ महिन्यांच्या पारड्या-कालवडींना ब्रुसेलाची लस टोचून घेता येते. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती समाविष्ट आहे.

गुरुजींबरोबर सूनबाईंचीही रक्ततपासणी मी करवून घेतली. म्हैस गाभडली तेव्हा जार त्यांनीच उघड्या हातांनी उचलली होती. अहवाल निर्दोष आला. तो हाती येईपर्यंतचे तीन दिवस गुरुजी स्वतःच्या दुखण्यापेक्षा तिच्याच काळजीत होते.