संसार आणि व्यवहार : विकावयास शिकविणारा

घरांतील एखादा मुलगा पदवीधर होऊन विक्रीच्या कामावर लागला, म्हणजे वडील मंडळींचे चेहरे अद्यापि किंचित् उतरतात. अध्यापन, वकिली, वैद्यकी यांना आपण विद्या म्हणतों; विकणें ही मात्र केवळ जिभेची चलाखी समजतों. त्यामुळें हें काम त्या मुलाला कोणी नीट शिकवावें, असें आपल्या मनांतही येत नाहीं. ठराविक आंकडा गळ्यांत बांधून त्याला बाजारांत सोडण्यांत येतें, आणि तो बुडाला तर त्याच्याच अंगीं धमक नव्हती असें ठरतें.

वस्तुतः चांगला माल आपोआप खपतो, हा भ्रम आपल्याच उद्योगधंद्यांच्या इतिहासानें खोटा पाडला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला; परंतु लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें सुमारें दोन वर्षें त्याला गिऱ्हाईक मिळेना. उणीव नांगराची नव्हती, विश्वासाची होती. पनवेल येथें १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. वैद्यानें स्वतः घोटलेली मात्रा रोगी त्या वैद्याकडे पाहून घेतो. कारखान्यांतील बाटली परगांवीं जावयाची, तर तिच्याबरोबर कोणाचा तरी शब्द जावा लागतो. तो शब्द नेणारा तो विक्रेता, आणि त्याला तयार करणारा तो त्याचा गुरु. अमेरिकेंत रोकड मोजणारीं यंत्रें विकणाऱ्या जॉन पॅटरसननें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विक्रेत्यांची शाळाच काढली, ती हीच गरज ओळखून.

आतां या गुरूची प्रेरणा कोणती? बहुधा ती पैशाची असते, आणि तींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. विम्याच्या विकास अधिकाऱ्याचें यश त्याच्या एजंटांच्या कामावरच मोजलें जातें. परंतु केवळ एवढीच प्रेरणा असली, तर शिष्याला पहिला प्रश्न असा येतो : "तुझे काका, मामा, आत्या कोठें असतात?" मुलगा भिडेच्या घरांत जातो, भावजय सासूकडे पाहते, काका सही करतात. पुढील वर्षीं हप्ता झेपत नाहीं. पहिल्या वर्षांतच हप्ते थांबले, तर भरलेल्या पैशांतून बहुधा कांहींच परत येत नाहीं. काकांचे पैसे गेले, मुलाची पत गेली, आणि दोन घरांत अबोला आला. अधिकाऱ्याचा त्या महिन्याचा आंकडा मात्र भरलेला असतो!

याहून वरची प्रेरणा म्हणजे आपल्याशिवाय शिष्य उभा राहिलेला पाहण्याचा आनंद. ज्याला ती आहे, त्याची शिकविण्याची रीतच निराळी असते.

तो प्रथम माल ओळखावयास लावतो. पनवेलच्या आसपास आज सदनिका विकणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एकाला त्यानें सांगावें : इमारतीपासून स्टेशनापर्यंत स्वतः चालून पाहा, पाणी कोठून व किती वेळ येतें तें विचार, मगच बोल. दुसरें, तो शिष्याबरोबर जातो. आरंभीं स्वतः बोलतो, शिष्य ऐकतो. मग शिष्य बोलतो आणि गुरु गप्प बसतो. हें गप्प बसणें फार कठीण. विक्री हातची जातां जातां मधें तोंड घातलें, तर गिऱ्हाईक मिळेल, पण विक्रेता घडणार नाहीं.

तिसरें, परततांना तो विचारतो, "गिऱ्हाईक काय म्हणालें?" नवखा मनुष्य बहुधा आपण काय बोललों तेंच सांगतो, आणि तेथेंच त्याला आपली उणीव उमगते. एका वेळीं एकच दोष दाखवावा, तोही चारचौघांत नव्हे. चौथें, आंकडा भरला नाहीं तर "अधिक मेहनत कर" एवढेंच म्हणून तो थांबत नाहीं. किती घरें पाहिलीं, कोणाकडे दुसऱ्यांदां गेला, बोलणें कोठें तुटलें, याचा तो शांतपणें हिशेब घेतो. आणि सर्वांत शेवटचा धडा म्हणजे, ज्याला वस्तूची गरज नाहीं त्याला ती न विकतां नमस्कार करून उठण्याचा.

२०२३ सालापासून महारेरानें स्थावर मालमत्तेच्या एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली आहे. विमा एजंटालाही परीक्षा द्यावी लागते. हें योग्यच झालें. परंतु परीक्षेनें नियमांचें ज्ञान कळतें. भीड आणि विश्वास यांतील भेद शेजारीं बसलेल्या जाणत्या माणसाकडूनच शिकावा लागतो.

म्हणून वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे कीं, घरांतील मुलगा किंवा सून अशा कामावर लागली, तर पगार व कमिशन विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : "तुझ्याबरोबर कोण येतें, आणि परततांना तो तुला काय विचारतो?" उत्तर समाधानकारक नसेल, तर नातलगांची यादी देण्याची घाई करूं नये.