दाराच्या मापाचा इतिहास

१/ १८ जून १८१५. वॉटर्लूच्या रणभूमीवर ऊगोमों नावाचा एक तटबंद वाडा होता. त्याचे उत्तरद्वार फोडून काही फ्रेंच सैनिक आत शिरले. ब्रिटिश अधिकारी मॅकडोनेल आणि त्याच्या मूठभर सोबत्यांनी खांदे लावून ते दार पुन्हा बंद केले. वाडा अखेरपर्यंत टिकला.

२/ वॉरगेमच्या पटावर हा प्रसंग आजही खेळला जातो. मात्र ज्या दारापाशी सारे घडले, त्याचे लघुरूप कोठून आणले आणि कोणत्या मापाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारायला हवा.

३/ तयार दारे, खिडक्या, कौलांचे तक्ते मॉडेल-रेल्वेच्या दुकानांत सहज मिळतात. पण तेथील लोकप्रिय एचओ प्रमाण १:८७ आहे. दोन मीटरचे दार त्यात २३ मिमी होते. पटावरचा नेहमीचा सैनिक मात्र डोळ्यांपर्यंतच २८ मिमी. म्हणजे दारापेक्षा माणूस उंच!

४/ १:४८ प्रमाणात तेच दार ४२ मिमी भरते. २८ मिमीच्या सैनिकाचे प्रमाण साधारण १:५६, म्हणजे हिशेबाने दार ३६ मिमीचे हवे. पण पायाखालची दोन-तीन मिमीची बैठक आणि डोक्यावरची उंच टोपी धरली, तर ४२ मिमीचे दारच खरे दिसते. बाहुलीघराचे १:१२ दार १६७ मिमी. ते इथे निरुपयोगी.

५/ खिडक्यांना सवलत देता येते. १:२४ मधली १.२ मीटरची खिडकी १:४८ च्या भिंतीत बसवली की २.४ मीटरची होते आणि प्रार्थनामंदिराला शोभते. खिडकीचे माप वास्तूच्या ऐपतीवर ठरते, दाराचे माणसाच्या देहावर.

६/ आक्षेप असा की पटावरची जमीन तरी कुठे खरी असते? आक्षेप रास्त आहे. १८३८ साली लंडनमध्ये प्रदर्शित झालेल्या विल्यम सायबोर्नच्या वॉटर्लू-प्रतिकृतीत मैलाला नऊ फूट जागा होती. त्या हिशेबाने सैनिक तीन मिमीचा झाला असता. त्याने तो बराच मोठा ठेवला. ज्याने त्या रणभूमीवर राहून महिनोन्‌महिने मोजणी केली, त्यालाही ही तडजोड करावी लागली.

७/ पण म्हणूनच दार महत्त्वाचे. अंतरे आकसतात, वाड्याचा पसारा आकसतो. माणूस आणि दार यांचे नाते तेवढे खरे ठेवता येते. दार खुजे केले की मॅकडोनेलचा पराक्रम गोठ्याची झडप लोटण्याइतका क्षुल्लक ठरतो. अवाढव्य केले की तो अशक्य वाटतो.

८/ तेव्हा वेष्टनावरच्या प्रमाणावर विसंबू नये. बैठकीसह एक सैनिक खिशात घेऊन दुकानात जावे, दारापाशी उभा करून पाहावा. आधी दार निवडावे, मग त्याभोवती भिंत उभारावी. (समाप्त)