आधी मोजा, मग ओता

काचेच्या टाकीत पोवळी वाढवण्याचा छंद अमेरिका-युरोपात बराच रुजला आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते आणि बायकार्बोनेट घेऊन पोवळी आपला चुनखडीचा सांगाडा बांधतात. समुद्राला हा खर्च जाणवत नाही, टाकीला जाणवतो.

सामू उतरलेला दिसताच काही जण घाईने सोडा ओततात. हे मला चुकीचे वाटते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून कार्बन डायऑक्साइड साठतो, तेव्हाही सामू उतरतो आणि दिवसा आपोआप चढतो. जादा सोड्याने कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ मात्र बसू शकतो; म्हणजे ज्याची गरज, तेच वाया! म्हणून आधी कॅल्शियम व बायकार्बोनेट दोन्ही मोजावीत.

भारतात कठीण पोवळ्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ती घरी पाळू नयेत. पण त्यांचे रसायन शाळेत जरूर शिकवावे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंका (ओढू नका). ती दुधाळ होईल. फुंकतच राहा, ती पुन्हा नितळ होऊ लागेल. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्रातील पोवळ्यांना सांगाडा टिकवणे कठीण का होते, ते या पेल्यात दिसते.