तिशीतली बा

कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतं आणि आर्वी तालुका लागतो. तसंच पुढे जात राहिलं की सेवाग्राम येतं. हे गाव आधी शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावची आणि इथली टपाल एकमेकांत मिसळू लागली, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. नदीअलीकडच्या आपल्या तिवसा तालुक्याचं इथल्या गांधीजींच्या आश्रमाशी नातं जुनं आहे. तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम १९३५ साली उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या बोलावण्यावरून महाराज सेवाग्रामला जवळजवळ महिनाभर राहिले.

आश्रमात गेलेला माणूस आधी बापू कुटीकडे वळतो. जवळच एक लहानशी बा कुटी आहे, तिथे फार कोणी थांबत नाही. सुरुवातीला आदि निवासात गांधीजी, सहकारी, आले-गेले पाहुणे, सगळे एकाच छपराखाली राहत. त्या गर्दीत कस्तुरबांना आडोसा असा नव्हताच. जमनालाल बजाजांनी ते ओळखलं आणि बांसाठी ही वेगळी कुटी बांधली गेली.

रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' हा तीन तासांहून मोठा सिनेमा असाच माणसांनी गच्च भरलेला आहे. व्हाइसरॉय, न्यायाधीश, पत्रकार, पुढारी आणि लाखोंचा जमाव. त्या गर्दीत एका मराठी अभिनेत्रीनं बांसाठी आडोसा तयार केला. रोहिणी हट्टंगडी. बांचं वार्धक्य पडद्यावर जगल्या तेव्हा त्यांनी नुकती कुठे तिशी गाठली होती.

रोहिणी ओक १९५१ साली पुण्यात जन्मल्या. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. १९७१ मध्ये त्या दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या. तेव्हा तिथे संचालक इब्राहिम अल्काझींचा काळ होता. नसिरुद्दीन शाह आणि ओम पुरी एक वर्ष पुढे होते. शिस्त अशी की नटानं वेशभूषाही समजून घ्यायची, प्रकाशयोजनाही आणि स्वतःच्या शरीराचा तोलही. जयदेव हट्टंगडी रोहिणींच्याच तुकडीत होते. १९७४ मध्ये दोघं बाहेर पडले, पुढे संसारही एकत्र केला आणि मुंबईत येऊन नाटकाला लागले.

जयदेवांनी स्पॅनिश नाटककार लोर्काच्या 'येर्मा'वरून 'चांगुणा' बसवलं. मुलासाठी तळमळणारी, त्या तळमळीनं आतून जळत जाणारी बाई रोहिणीताईंनी त्यात उभी केली. जपानी दिग्दर्शक शोझो सातो यांनी बसवलेल्या 'इबाराकी' या काबुकी नाटकातही त्यांनी काम केलं. हे सहज वाचून पुढे जाण्यासारखं नाही. काबुकीत सतराव्या शतकापासून स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली गेली आणि तेव्हापासून बाईची भूमिकाही पुरुषच करत आले. अशा नाट्यप्रकारात पुण्याची एक मुलगी उभी राहिली. काबुकीत पाऊल कसं पडतं, मान किती अंशात वळते, स्थिर उभं राहून किती बोलता येतं, हे सगळं मोजलेलं असतं. कर्नाटकातल्या यक्षगानाचा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. बांची चाल त्यांना कुठून सापडली असा प्रश्न पडला तर उत्तर या शिक्षणात आहे.

'गांधी'चं चित्रीकरण नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झालं आणि मे १९८१ मध्ये संपलं. बांच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांच्या नावाचाही विचार झाला होता. बेन किंग्जली हे ब्रिटिश रंगभूमीवर, रॉयल शेक्सपिअर कंपनीत तयार झालेले नट. म्हणजे पडद्यावरचं हे जोडपं दोन वेगवेगळ्या देशांच्या नाटकांतून आलेलं होतं. त्यामुळेच असेल, दोघांच्या प्रसंगांत कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. एक बोलतो तेव्हा दुसरा मनापासून ऐकतो, आणि ते ऐकणं पडद्यावर दिसतं.

दक्षिण आफ्रिकेतला एक प्रसंग नीट पाहावा. आश्रमात संडास साफ करण्याची पाळी सगळ्यांवर येते. बा नकार देतात. हे आपलं काम नाही असं त्यांच्या आजवरच्या सगळ्या संस्कारांनी सांगितलेलं असतं. गांधी चिडतात, त्यांचा हात धरून त्यांना दाराकडे ओढत नेतात. आता जायचं कुठे, असं ती बाई नवऱ्याला विचारते. इथे आवाज चढवणं, रडणं, कोसळणं सोपं होतं. रोहिणीताई त्यातलं काही करत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अपमान येतो, मग राग आणि शेवटी नवऱ्याचीच दया. गांधी भानावर येतात, ओशाळतात, आणि बा त्यांना समजून घेतात. महात्म्याच्या बायकोला महात्मा व्हायचं नसतं, तरी त्याच्यामागे चालावं लागतं, याचं ओझं केवढं असेल ते त्या दोन-तीन मिनिटांत कळतं. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या भांडणाबद्दल स्वतःला दोष दिला आहे. बांनी मात्र आत्मकथा लिहिली नाही. त्यांची बाजू सांगायला अशा अभिनेत्रीची गरज होती.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात, आगाखान पॅलेसमधल्या कैदेत बा गेल्या. पडद्यावर तो मृत्यू अगदी शांत आहे. तरुणपणीच्या बांचा ताठ कणा, मग हळूहळू वाकत गेलेले खांदे, आखडलेली पावलं, कमी होत गेलेला आवाज, हे सगळं तोवर आपल्यासमोर इतकं क्रमाक्रमानं घडलेलं असतं की पांढऱ्या केसांकडे वेगळं लक्षही जात नाही. म्हातारपण रंगभूषेनं येत नसतं, ते अंगात मुरवावं लागतं. चित्रीकरण ज्या क्रमानं होतं तो क्रम गोष्टीचा नसतो. आज सत्तरीतली बा आणि उद्या तिशीतली, असंही करावं लागतं. आपण वयाच्या नेमक्या कुठल्या पायरीवर आहोत, याचा हिशोब नटानंच ठेवायचा.

१९८३ मध्ये ब्रिटनच्या चित्रपट आणि दूरचित्रवाणी अकादमीनं, म्हणजे बाफ्टानं, सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना दिला. अमेरिकेच्या मॉरीन स्टेपल्टन यांना 'रेड्स'साठी आणि रोहिणी हट्टंगडी यांना 'गांधी'साठी असा तो विभागून होता. स्टेपल्टनबाईंना याच भूमिकेसाठी आदल्या वर्षी ऑस्कर मिळालेलं होतं, यावरून बरोबरी कोणाशी झाली ते समजावं. भारतात जन्मलेल्या व्हिव्हियन ली किंवा ज्यूली ख्रिस्ती यांनाही बाफ्टा मिळाला होता, पण त्या ब्रिटिश अभिनेत्री होत्या. इथल्या मातीत शिकून, इथेच काम करणाऱ्या भारतीय अभिनेत्रीला हा मान मिळाला तो रोहिणीताईंच्या रूपानं.

त्याच वर्षी ११ एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर सोहळा झाला. 'गांधी'ला आठ ऑस्कर मिळाली. त्यातलं वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी घेतलं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. बांच्या अंगावरची साडी एका मराठी बाईनं ठरवली आणि दुसरीनं ती नेसून दाखवली. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट असायला हवी.

आता मीराबहेन. सेवाग्रामची बापू कुटी मुळात मीराबहेनसाठी उभी राहिली होती, गांधीजी नंतर तिथे राहायला आले. 'गांधी'त ही इंग्रज शिष्या साकारली जेराल्डिन जेम्स या ब्रिटिश अभिनेत्रीनं. त्यांचा जन्म १९५० चा, रोहिणीताईंपेक्षा एका वर्षानं मोठ्या. दोघी रंगभूमीच्या, एकाच सिनेमात, एकाच वेळी जगाला दिसलेल्या. पुढे काय झालं? १९८४ साली ब्रिटिश टीव्हीवर 'द ज्युवेल इन द क्राउन' ही भारतावरची मोठी मालिका आली. तिच्यात जेराल्डिन जेम्स सारा लेटन झाल्या, मालिकेतली सर्वांत महत्त्वाची तरुण स्त्री. पाच वर्षांनी लंडनच्या रंगभूमीवर डस्टिन हॉफमनच्या शायलॉकसमोर त्या पोर्शिया होत्या. टीव्ही, नाटक, सिनेमा आणि पुन्हा नाटक अशी ये-जा त्यांची चालू राहिली, आणि त्या त्या वयाला शोभेल अशी माणसं त्यांच्या वाट्याला येत गेली.

त्याच १९८४ मध्ये आपल्याकडे 'सारांश' आला. महेश भट्ट यांच्या या सिनेमात शिवाजी पार्कजवळ राहणारं प्रधान हे वृद्ध जोडपं आहे. न्यूयॉर्कमध्ये मुलगा मारला गेलाय, आणि त्याच्या अस्थी मिळवायलाही बापाला कचेरीत झगडावं लागतं. पार्वती प्रधान झाल्या रोहिणी हट्टंगडी, वय तेहतीस. नवरा झालेले अनुपम खेर त्यांच्याहूनही लहान. दोघांनी जे केलं ते भारतीय सिनेमात कायमचं राहील. पण वर्ष तेच, आणि 'गांधी'तल्या दोघींपैकी एक नायिका होते आणि दुसरी म्हातारी, हे टोचल्याशिवाय राहत नाही. उणीव होती ती आपल्या सिनेमात. तिशीतल्या, डोकं असलेल्या, देखणेपणावर न जगणाऱ्या बाईसाठी त्याच्याकडे गोष्टच नव्हती. एकदा कोणी आई उत्तम करून दाखवली की तिला पुन्हा पुन्हा आईच द्यायची, ही त्याची रीत. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. प्रत्यक्षात अमिताभ त्यांच्याहून साडेआठ वर्षांनी मोठे. त्या भूमिकेलाही फिल्मफेअर मिळालं, त्याआधी 'अर्थ'मधल्या मोलकरणीला मिळालं होतं. 'चालबाज'मध्ये त्यांनी श्रीदेवीला छळणारी खाष्ट बाई अशी काही रंगवली की थिएटरात प्रेक्षक हसले आणि चिडलेही.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, कारण तो आपल्या विदर्भातून आलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याच्या महेश एलकुंचवार यांनी 'पार्टी' हे नाटक लिहिलं आणि गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये त्यावर सिनेमा केला. नामवंत लेखक दिवाकर बर्वे याच्यासोबत राहणारी मोहिनी, एकेकाळची नटी, आता दारूत बुडालेली. ही रोहिणीताईंची भूमिका. आपलं काम सोडून दुसऱ्याच्या कीर्तीच्या सावलीत राहिलेल्या कलावंत बाईचं काय होतं, ते त्यांनी भर पार्टीत दाखवलं. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला. 'सारांश'मधली पार्वती आणि 'पार्टी'तली मोहिनी एकाच वर्षी पडद्यावर आल्या, दोन्ही एकाच अभिनेत्रीनं केल्या, हे माहीत नसेल तर ओळखू येत नाही.

सिनेमानं जे नाकारलं ते नाटकानं आधीच देऊन ठेवलं होतं. १९८१ मध्ये, 'गांधी'चं चित्रीकरण संपलं त्याच वर्षी, विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं. सुमित्रा देव, मैत्रिणीवर प्रेम करणारी तरुणी, ही भूमिका रोहिणीताईंनी केली. समलैंगिक स्त्रीला मराठी रंगभूमीवर मध्यभागी उभं करायचं, तेही त्या काळात, ही साधी गोष्ट नव्हती. नवऱ्यामागे चालत चालत स्वतःचं मन राखणारी बा आणि कोणाच्याही मागे न चालता एकटी पडत गेलेली मित्रा. काही महिन्यांच्या अंतरानं त्यांनी दोन्ही पेलल्या. पुढे जयदेवांच्या दिग्दर्शनात 'अपराजिता' हा एकपात्री प्रयोग त्यांनी केला. तिथे तर दुसरं कोणी सावरायलाही नसतं. जयदेव २००८ मध्ये गेले. त्याआधी, २००४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार रोहिणीताईंना मिळाला होता.

तिवस्यात, कुऱ्ह्यात, वरखेडात मात्र त्यांना लोक ओळखतात ते टीव्हीमुळे. ई टीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून जास्त भाग. आशालता देशमुख हे नाव घरातल्याच कुणाचं असावं इतकं तोंडी बसलं. ती मालिका संपली त्याच वर्षी झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' आली आणि आशालताची आईआजी झाली. कापूस वेचून घरी आलेल्या बाया रात्री जेवणं आटोपून या दोन बाया पाहत. काही जाणकार मालिकांना नाक मुरडतात. पण रोज, वर्षानुवर्षं, घाईत लिहिलेले संवाद बोलूनही त्या बाईचा तोल ढळू द्यायचा नाही, डोळ्यांतली जरब तशीच ठेवायची, हेही नाटकात कमावलेलं बळ आहे. आशालता देशमुखचं नुसतं पाहणं आणि सुनेनं एकदम गप्प होणं आठवा. तो दरारा आवाजातून येत नव्हता.

११ एप्रिलला आपल्याकडे गावोगाव महात्मा फुले जयंती असते. कस्तुरबांची जयंतीही त्याच दिवशी मानतात. म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन. रोहिणीताईंचा वाढदिवस त्याच तारखेचा. येत्या ११ एप्रिलला जोतिबा-सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून झाला की तालुक्यातल्या एखाद्या शाळेनं संध्याकाळी पडदा लावावा आणि 'गांधी' दाखवावा, हिंदी आवृत्ती मिळते. संडासाच्या प्रसंगानंतर दोन मिनिटं सिनेमा थांबवून मुलींना बोलू द्यावं. आणि पुढच्या सहलीत मुलं सेवाग्रामला गेली की गुरुजींनी त्यांना बा कुटीच्या दारात थोडा वेळ उभं करावं.