जन्मभूमीचा हक्क आणि बापाचा अपराध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मलेलें मूल त्या देशाचें नागरिक होय, मग त्याचे आईबाप कोणीही असोत, हा नियम तेथें कित्येक पिढ्या चालत आला आहे. ता. २० जानेवारी २०२५ रोजीं अध्यक्षपद पुन्हां हातीं घेतांच श्री. ट्रंप यांनीं एक आज्ञापत्र काढून या नियमालाच हात घातला. ज्या मुलाची आई त्या देशांत बेकायदा किंवा केवळ तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल, आणि ज्याचा बाप नागरिक अथवा कायमचा रहिवासी नसेल, त्यास यापुढें नागरिक मानूं नये, हा त्या आज्ञेचा मथितार्थ. खालच्या न्यायालयांनीं तिची अंमलबजावणी रोखली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २७ जून २०२५ रोजीं मूळ प्रश्नास न शिवतां, खालच्या न्यायाधीशांनीं देशभर लागू होणारे मनाईहुकूम काढण्यास मर्यादा घातली. आणि ५ डिसेंबर २०२५ रोजीं मूळ प्रश्नच सुनावणीस घेण्याचें ठरविलें. परंतु कायद्याच्या कलमाचा अर्थ कसा लावावा हा एक प्रश्न, आणि न्याय कशांत आहे हा दुसरा. आम्हांस येथें मुख्यतः दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे.

हा नियम कशांतून जन्मला हें प्रथम पाहिलें पाहिजे. आफ्रिकन वंशाचा मनुष्य, तो गुलाम नसला तरीही, नागरिक होऊं शकत नाहीं, असा निकाल ड्रेड स्कॉट खटल्यांत १८५७ सालीं त्याच न्यायालयानें दिला होता. यादवी युद्धाच्या रक्तपातानंतर, १८६८ सालीं, राज्यघटनेंत चौदावी दुरुस्ती करून तो कलंक धुवून काढण्यांत आला. पुढें चिनी लोकांविरुद्ध द्वेषाची लाट उसळली, आणि १८८२ सालीं चिनी मजुरांस देशाचें दार बंद झालें. सान फ्रान्सिस्को येथें एका चिनी व्यापाऱ्याच्या पोटीं जन्मलेला वाँग किम आर्क हा चीनला जाऊन १८९५ सालीं परतला, तेव्हां बंदरांतच त्यास अडविण्यांत आलें. त्याचे आईबाप कायद्यानें कधींच नागरिक होऊं शकत नव्हते. तथापि तो स्वतः नागरिक आहे, असा निर्णय न्यायालयानें १८९८ सालीं सहा विरुद्ध दोन मतांनीं दिला.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें नाहीं. घटनेंत जन्माबरोबरच ‘राज्याच्या अधिकाराच्या अधीन’ असण्याची अट आहे. आणि तिच्याच आधारें १८८४ सालीं त्या भूमीच्या मूळच्या रहिवाशांनाही नागरिकत्व नाकारण्यांत आलें होतें, तें सर्वांस मिळण्यास १९२४ साल उजाडावें लागलें. शिवाय परवान्यावांचून राहणाऱ्यांची संख्या आज एक कोटीच्या वर आहे. ज्या घरास दार नाहीं तें घर नव्हे, धर्मशाळा होय. आपलें दार राखण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्रास आहे, हें आम्ही निःसंकोच कबूल करतों.

परंतु दार राखावयाचें तर तें दाराशीं राखावें, पाळण्याशीं नव्हे. मुलाच्या जोरावर आईबाप देशांत पाय रोवतात, हा नेहमींचा आक्षेप. वस्तुतः मुलास आईबापांसाठीं अर्ज करावयाचा तर त्याला एकवीस वर्षांचें व्हावें लागतें. आणि ज्यांनीं चोरून सीमा ओलांडली त्यांना त्यानंतरही बहुधा देश सोडून दहा वर्षें बाहेर काढावीं लागतात. बेकायदा येणारा येतो तो प्रायः मजुरीसाठीं. त्याला स्वस्तांत राबवून घेणारा मालक जोंवर सुखरूप आहे, तोंवर मुलाचा दाखला रोखून काय साधणार? मूल तर तेथेंच वाढेल. फक्त त्याला कोणताच देश आपला म्हणणार नाहीं, असें होण्याचा संभव. डोमिनिकन रिपब्लिकमध्यें २०१३ सालीं घटना-न्यायालयानें १९२९ पासून मागें जाऊन असाच नियम लावला; हैतीहून ऊंसाच्या मळ्यांत आलेल्या मजुरांचीं हजारों लेकरें-नातवंडें जन्मभूमींतच परकीं ठरलीं. उलट जर्मनी, जी केवळ रक्ताचा हिशेब पाहत असे, तिनें तुर्की कामगारांच्या पिढ्या दारांतच उभ्या राहिलेल्या पाहून २००० सालापासून जन्मस्थळासही कांहीं अटींवर मान दिला.

या वादाशीं आमचा संबंध दूरचा नाहीं. कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठीं हिंदी अर्जदारांस तेथें दशकानुदशकें तिष्ठावें लागतें. पुण्यामुंबईकडून सर्व कायदे पाळून गेलेलीं जोडपींही, परवाना तात्पुरता म्हणून, या आज्ञेच्या तडाख्यांत येतात. मग बेकायदा प्रवेशाचा बंदोबस्त हें कारण कोठें राहिलें? १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य ‘गोरा’ नाहीं म्हणून नागरिकत्वास अपात्र ठरला. त्या काळांत कॅलिफोर्नियांतील पंजाबी शेतकरी तेथें जन्मलेल्या मुलांच्या नांवें जमिनी घेऊन तग धरून राहिले. बापास जें मिळालें नाहीं, तें मुलाच्या जन्मानें राखलें.

मात्र अमेरिकेस बोल लावण्यापूर्वीं आपल्या घरांतही दिवा लावून पाहावें. १९४७ सालीं सरदार पटेलांनीं घटनासमितींत नागरिकत्वाच्या उदार कल्पनेचा पुरस्कार केला. १९४९ सालीं अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं उलट तक्रार केली कीं, अशानें आमचें नागरिकत्व फार स्वस्त होईल. १९५५ च्या कायद्यानें जन्मस्थळाचाच नियम मानला. पण १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकीं एक नागरिक असण्याची अट आली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून तर एक भारतीय असूनही दुसरा बेकायदा प्रवासी असेल, तर मूल जन्मानें नागरिक होत नाहीं. देशमुखांचा पक्ष अखेर जिंकला. ज्या नियमासाठीं आपण वॉशिंग्टनवर रागावतों, त्याहून कडक नियम आपण दिल्लींत मुकाट्यानें मान्य केला आहे.

कोणी म्हणेल, अमुक भूमीवर जन्मणें हाही योगायोगच; त्याचा एवढा मान कां? प्रश्न रास्त आहे. परंतु दोन योगायोगांत भेद आहे. भूमीचा योगायोग प्रत्येक मुलापाशीं नव्यानें आरंभ करतो; रक्ताचा योगायोग बापाचें उणें मुलाच्या आणि मुलाचें नातवाच्या माथीं मारीत जातो. ज्या समाजानें जन्मावरून माणसास गांवकुसाबाहेर ठेविलें, आणि ज्याचीं फळें तो अद्याप भोगीत आहे, त्यास हा भेद समजावून सांगावा लागूं नये. सीमा ओलांडणाऱ्यास कायदा लावा, त्यास राबविणाऱ्या मालकास त्याहून कडक लावा. पण ज्यानें कोणतीच सीमा ओलांडली नाहीं, त्या अर्भकास शिक्षा सुनावण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्रास नाहीं, मग तें अमेरिका असो वा आपण.