रात्रीचे चायनीज : आधी पारख, मग प्लेट

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्र बरीच झालेली असते. खानावळी बंद, डब्यातली भाजी-पोळी मधल्या सुट्टीतच संपलेली. घरी जाऊन बाईमाणसाला पुन्हा चूल पेटवायला लावणे जिवावर येते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला लाल अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेली गाडी दिसते. मोठ्या जाळावर कढई धडधडत असते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. यात काही गैर नाही. कष्टकऱ्याला रात्री गरम घास मिळालाच पाहिजे. पण तो घास चांगला असावा, एवढेच आमचे सांगणे.

नावाने हे जेवण चिनी, पण वाढले ते आपल्याच देशात. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी माणसे कलकत्त्याजवळ येऊन वसली. चामड्याच्या कामाला उच्चवर्णीय शिवत नसत. ते काम पुढे हक्का चिन्यांनी टांग्रा भागात केले आणि त्याच वस्तीत त्यांची हॉटेलेही नावाला आली. कलकत्त्याचेच नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आले, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून चिकन मंचुरियन केले, असे सांगतात. बड्यांच्या क्लबातला तो पदार्थ कोबीच्या गोळ्यांच्या रूपाने हातगाडीवर उतरला. चायनीज भेळ तर पुरती आपलीच.

आता पारख कशी करावी ते पाहू.

पहिली गोष्ट भाताची. फ्राइड राइससाठी भात आधीच शिजवून ठेवतात. तो तासन् तास उघड्यावर, कोमट राहिला तर त्यात जंतू वाढून विष तयार होते आणि पुन्हा परतल्याने ते विष जात नाही. म्हणून “दादा, भात कधीचा आहे?” असे विचारायला लाजू नये. भात चिकट लागला, आंबूस वास आला तर प्लेट बाजूला ठेवावी. जिथे गिऱ्हाईक जास्त, तिथला भात लवकर संपतो. गाडी बंद होतानाचा तळाचा भात मात्र नकोच.

दुसरी गोष्ट रंगाची. मंचुरियन भडक लाल असले म्हणजे चविष्ट असते, हा गैरसमज आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. आपणही “रंग नको” म्हणून सांगावे.

तिसरी गोष्ट तेल आणि पाण्याची. तळणाचे तेल काळे पडले असेल, धूर डोळ्यांना झोंबत असेल, किंवा एकाच बादलीत सगळ्या प्लेटा बुडत असतील, तर पुढची गाडी गाठावी.

अजिनोमोटोची भीती अनेकांना वाटते. १९०८ साली जपानच्या इकेदा यांनी शोधलेला हा चवीचा क्षार आहे. बेताने घातला तर बहुतेकांना बाधत नाही. मात्र वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये. रक्तदाब असलेल्यांनी सोया सॉसच्या खारटपणालाही आवर घालावा.

गाडीवर उभा असलेला पोरगा बहुधा आपल्यासारख्याच वस्तीतला असतो. त्याच्या पोटावर पाय द्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी सक्तीची आहे. ज्याची राहिली असेल त्याला अर्ज भरायला आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी मदत करावी. हात धुवायला साबण, झाकलेला भात, रोज नवे तेल, एवढे त्याने पाळले तर त्याचेही गिऱ्हाईक टिकेल.

कंत्राटी कामगाराला आजारपणाची रजा सहसा मिळत नाही. एका रात्रीच्या शिळ्या भाताने दोन दिवसांचा रोज बुडतो, वर दवाखान्याचा खर्च वेगळा. भूक कितीही लागलेली असो, प्लेट सांगण्याआधी मिनिटभर भात, तेल आणि बादली पाहून घ्यावी. ते मिनिट फुकट जात नाही.